हवानाची स्मृतिस्पर्धा

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधावयाची म्हणून गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या मागच्या खोलीतले लोखंडी कपाट कित्येक वर्षांनी उघडले गेले. आत काय नव्हते! वार्षिक सभांची इतिवृत्ते, वाळवीने कुरतडलेल्या नाटकांच्या संहिता, हळदीकुंकवाच्या खर्चाची वही, गणपतीच्या मखराचे सुटे भाग, आणि सर्वांत तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेली एक सागवानी ढाल. ढालीच्या मध्यावर पितळेच्या घोड्याचे तोंड बसविलेले आहे, भोवती बोटभर रुंदीच्या चोवीस पितळी पट्ट्या आहेत. सोळा पट्ट्यांवर बुद्धिबळ स्पर्धेतील विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. वरच्या मोठ्या पट्टीवर ‘कै.’ आणि पुढे आपल्या मंडळाच्या एका संस्थापक सभासदाचे नाव. आमच्याबरोबर कपाट आवरणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने ते नाव मोठ्याने वाचले व विचारले, “काका, हे कोण?”

त्याचा दोष नाही. ज्यांच्या नावाने सोळा वर्षे स्पर्धा झाली ते गृहस्थ तो जन्माला येण्यापूर्वीच गेले होते, आणि स्पर्धा बंद पडली तेव्हा तो पाळण्यात असेल. आपले नाव छापून आलेले त्यांना मुळीच आवडत नसे, म्हणून येथेही ते देत नाही. ज्यांना हवे त्यांनी ढालीवर पाहावे. रेल्वेच्या हिशेबखात्यात त्यांची नोकरी होती. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात आम्हा मुलांचा अड्डा जमे. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातारा जिल्ह्यातील गावच्या पारावर, देशी पद्धतीने झालेले. म्हणजे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाणार आणि किल्लेकोट नाही. परप्रांतात आल्यावर ‘विलायती’ नियम ते ज्या एका इंग्रजी पुस्तकावरून शिकले, त्याचे वेष्टण केव्हाच निघून गेले होते. ते पुस्तक होते ‘चेस फंडामेंटल्स’, प्रसिद्धी १९२१, आणि त्याचा लेखक होता क्यूबा देशाचा होसे राउल कॅपाब्लांका. पहिला धडा राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजावर मात कशी करतात याचा. आम्हांला डावाची सुरुवात शिकण्याची घाई. ते मात्र पट रिकामा करून शेवटापासून शिकवीत. “ज्याला चार सोंगट्या सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती सोळा कशाला द्यायच्या?” असे ते म्हणत.

त्या तरुणाला उत्तर देताना मला कॅपाब्लांका आठवला, आणि त्याच्या नावाने हवाना शहरात सुरू झालेली स्पर्धाही. १९६२ साली तिचा आरंभ झाला. मधली काही वर्षे वगळता ती वर्षानुवर्षे होत आली. २०१७ साली तिचे बावन्नावे सत्र झाले. त्या बेटावर या काळात काय काय गुजरले हे पाहिले म्हणजे एक स्पर्धा एवढी टिकली कशी, असा प्रश्न पडतो. आपल्या ढालीचे वय सोळा वर्षांवर थांबले म्हणून हा प्रश्न मला अधिकच टोचला. स्मरणिकेत मंडळाच्या इतिहासाऐवजी हवानाचा इतिहास का, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर हेच.

कॅपाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ रोजी हवाना येथे ‘कास्तिल्यो देल प्रिन्सिपे’ या किल्ल्यात झाला. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते आणि वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ नुसता बघून तो बुद्धिबळ शिकला. वडिलांनी घोडा चुकीच्या घरात टाकला हे त्याने दाखवून दिले आणि नंतर त्यांनाच हरविले, अशी त्याची स्वतःची हकीकत आहे. अलौकिक मुलांविषयीच्या कथांतील निम्म्या सोडून द्याव्यात असा माझा नियम आहे, पण येथे पुढचा पुरावा भक्कम आहे. १९०१ च्या अखेरीस, वयाच्या तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना, त्याने क्यूबाचा त्या वेळचा अव्वल खेळाडू हुआन कोर्सो याच्याशी सामना खेळून चार डाव जिंकले, तीन गमावले आणि सहा बरोबरीत सोडविले.

पुढे तो शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेला. कोलंबिया विद्यापीठात नाव घातले, पण मन लागले ते मॅनहॅटन चेस क्लबात. १९०९ साली अमेरिकेचा नामांकित खेळाडू फ्रँक मार्शल याचा त्याने आठ विरुद्ध एक असा फडशा पाडला. उरलेले चौदा डाव बरोबरीत सुटले. पराभवाने मार्शलच्या मनात अढी बसली असेल असे वाटते, पण हा मार्शल मोठा दिलदार निघाला. १९११ मध्ये स्पेनमधील सान सेबास्तियान येथे मातबरांची स्पर्धा भरली तेव्हा कॅपाब्लांकाला प्रवेश मिळावा म्हणून त्यानेच रदबदली केली असे सांगतात. हा कोण नवखा, असा काहींचा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बर्नस्टाइन याला त्याने पहिल्याच फेरीत हरविले आणि ती स्पर्धाही जिंकली. या मार्शलने पुढे न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या नावाने जो क्लब काढला, त्याच्याशी आपली गाठ पुन्हा पडणार आहे.

१९१३ पासून क्यूबाच्या परराष्ट्र खात्यात त्याला नोकरी होती. काम फारसे नव्हते; जगभर हिंडावे, खेळावे आणि आपल्या छोट्या देशाचे नाव लोकांच्या तोंडी ठेवावे एवढीच अपेक्षा. ती त्याने पुरेपूर पार पाडली. १९२१ च्या वसंतात लास्करशी जगज्जेतेपदाचा सामना झाला तो हवानातच. बक्षिसाची एकूण रक्कम २५,००० डॉलर होती व त्यातील २०,००० डॉलर हवानाच्या रसिकांनी उभे केले होते. लास्कर सत्तावीस वर्षे जगज्जेता होता, वय बावन्न, आणि उष्ण कटिबंधातील उकाडा त्याला सोसेना. चौदा डावांत चार पराभव व दहा बरोबरी झाल्यावर त्याने सामना सोडून दिला. कॅपाब्लांका एकही डाव हरला नाही. वस्तुतः १९१६ च्या फेब्रुवारीपासून १९२४ च्या मार्चपर्यंत, रेटीने न्यूयॉर्कला त्याला हरवीपर्यंत, स्पर्धेतला एकही डाव त्याने गमावलेला नव्हता. यंत्राशी त्याची तुलना लोक करू लागले ती तेव्हापासून.

यंत्रही बिघडते. १९२७ साली ब्वेनोस आयरेस येथे अलेखिनने चौतीस डावांच्या दीर्घ सामन्यात त्याला सहा विरुद्ध तीन असे हरविले. परतीचा सामना व्हावा म्हणून कॅपाब्लांका आयुष्यभर झटला. तो कधीच झाला नाही. आव्हान देणाऱ्याने १०,००० डॉलर उभे करावेत ही अट त्याच्याच पुढाकाराने १९२२ साली ठरली होती, आणि तीच आता त्याच्या आड आली. आपणच घातलेल्या कुंपणात आपला पाय अडकावा, तसे झाले.

याच उतरत्या काळातील एक डाव आमच्या व्हरांड्यात वारंवार मांडला जाई. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पंजाबच्या मीर सुलतान खानाने कॅपाब्लांकाला हरविले. सुलतान खान हा सर उमर हयात खानांच्या पदरी असलेला माणूस. देशी नियमांत वाढलेला, इंग्रजी पुस्तकांशी फारसा संबंध नसलेला. आमच्या गुरुजींना तो डाव पाठ होता. आपल्यासारखाच देशी पद्धतीत शिकलेला एक माणूस साक्षात पुस्तकाच्या कर्त्याला हरवितो, याचा त्यांना कोण आनंद! पण डाव संपला की पुस्तक उचलून कपाळाला लावीत, हेही मी पाहिलेले आहे.

१९३६ मध्ये मॉस्कोची स्पर्धा जिंकून आणि नॉटिंगहॅमला बोत्विनिकबरोबर पहिला क्रमांक वाटून घेऊन कॅपाब्लांकाने आपले पाणी पुन्हा एकवार दाखविले. शेवटचे मोठे दर्शन १९३९ सालचे, पुन्हा ब्वेनोस आयरेस येथे, ऑलिंपियाडमध्ये. क्यूबाच्या पहिल्या पटावर तो खेळला आणि पहिल्या पटावरील सर्वोत्तम कामगिरीचे सुवर्णपदक त्याने मिळविले. ही स्पर्धा चालू असतानाच युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. त्या सभागृहात जमलेल्यांपैकी दोघांचा आपल्या कथेशी संबंध येणार होता. एक होता पोलंडच्या संघातील मिगेल नायडॉर्फ. दुसरा, असे सांगतात की, वडिलांचे बोट धरून डाव पाहावयास आलेला अर्जेंटिनाचा अकरा वर्षांचा मुलगा, एर्नेस्तो ग्वेव्हारा. क्यूबा नावाचा देश आहे हे त्याला प्रथम कॅपाब्लांकामुळे समजले.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी मॅनहॅटन चेस क्लबात इतरांचा डाव पाहत असताना कॅपाब्लांका कोसळला व दुसऱ्या दिवशी माउंट सायनाय रुग्णालयात वारला. वय त्रेपन्न. सव्वा वर्षापूर्वी लास्करचा अंतही त्याच रुग्णालयात झाला होता. दोघेही जगज्जेते, दोघेही आपापल्या गावापासून दूर. लास्करला परत जाण्यासाठी देशच उरला नव्हता. कॅपाब्लांकाचा देह मात्र हवानाला नेण्यात आला. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बातिस्ता यांनी अंत्यविधीच्या व्यवस्थेत जातीने लक्ष घातले. कोलोन दफनभूमीतील त्याच्या समाधीवर आज संगमरवराचा मोठा पांढरा राजा उभा आहे.

यानंतर सतरा वर्षांनी, जानेवारी १९५९ मध्ये, बातिस्ता यांची राजवट उलथून कास्त्रो सत्तेवर आले. नव्या राजवटीने जुन्या काळातील कितीतरी नावे पुसली. कॅपाब्लांका खरे म्हणजे पुसण्याजोग्या यादीतच बसत होता. तो जुन्या सरकारचा राजनैतिक अधिकारी होता, उंची पोशाखाचा शौकीन होता, आयुष्याचा मोठा भाग त्याने न्यूयॉर्कच्या क्लबांत घालविला होता आणि त्याची अंत्ययात्रा खुद्द बातिस्तांनी काढली होती. पण झाले उलटेच. अर्जेंटिनाचा तो मुलगा आता क्यूबाचा उद्योगमंत्री झाला होता. बुद्धिबळाचे त्याला वेड होते, स्वतःही बरा खेळे, आणि मंत्रालयातील काम आटोपून रात्री उशिरा पटावर बसे. १९६१ साली क्रीडा व शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कॅपाब्लांकाची स्मृतिस्पर्धा सुरू झाली. या दोन गोष्टींत ग्वेव्हाराच्या शब्दाला मोठे वजन होते, यात शंका नाही.

राजकारणी माणूस नुसता आठवणीसाठी काही करीत नाही, हे मान्य. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी होणारा व्यापार बंद केला, आणि दोनच महिन्यांनी या स्पर्धेसाठी देशोदेशींचे खेळाडू हवानाच्या ‘हबाना लिब्रे’ या हॉटेलात उतरले. आम्ही एकटे पडलेलो नाही, हे जगाला दाखविण्याची ती तऱ्हा होती. पण तेवढ्यावरच बोट ठेवून थांबणे मला अन्यायाचे वाटते. दाखविण्यासाठी संचलने होती, भाषणे होती. त्यांतले काय आज कोणाला आठवते?

पहिली स्पर्धा जिंकली ती नायडॉर्फने, स्पास्की व पोलुगायेव्स्की यांच्यासारख्या नव्या दमाच्या रशियन खेळाडूंना मागे टाकून. हा माणूस १९३९ मध्ये ब्वेनोस आयरेसला आला तो आलाच. युद्धामुळे परतीची वाट बंद झाली, तो ज्यू होता, आणि पोलंडमध्ये राहिलेले त्याचे कुटुंब नाझींच्या हाती पडून नाहीसे झाले. डोळ्यांनी पट न पाहता एकाच वेळी चाळीस-चाळीस जणांशी खेळण्याचे विक्रम त्याने त्या वर्षांत केले. ते कशासाठी, याचे त्याने दिलेले कारण वाचून आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्यांच्या काळजात चर्र होते. बातमी जगभर छापून यावी, आपल्या माणसांपैकी कोणी जिवंत असेल तर त्याने ती वाचावी, आणि आपण येथे आहोत हे त्याला कळावे. कोणाचेही पत्र आले नाही. अशा माणसाच्या हाती कॅपाब्लांकाच्या नावाचा पहिला चषक गेला, यात मला एक औचित्य दिसते.

१९६३ साली कोर्चनॉय जिंकला, १९६४ साली स्मिस्लोव्ह व उलमान यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. पण या स्पर्धेचे नाव ज्यामुळे सर्वतोमुखी झाले ते १९६५ साल. अमेरिकेचा बॉबी फिशर तेव्हा बावीस वर्षांचा होता. हवानाने त्याला निमंत्रण दिले आणि त्याने ते स्वीकारले, पण अमेरिकन परराष्ट्र खात्याने क्यूबाला जाण्याची परवानगी नाकारली. तेव्हा तोड निघाली ती अशी की, फिशरने न्यूयॉर्कमध्येच बसावे आणि टेलेक्सवरून खेळावे. बसावयाचे कोठे? तर मार्शल चेस क्लबात. ज्या दिलदार मार्शलचा उल्लेख वर आला त्याच्या घरात.

मध्येच माशी शिंकली. फिशरचे खेळणे हा क्यूबाचा मोठा प्रचारविजय आहे असे कास्त्रो म्हणाल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. फिशरने तडक तार केली की, आपले नाव राजकारणासाठी वापरणार नाही अशी हमी मिळाली तरच आपण खेळू. कास्त्रोंचे उलट उत्तर आले की, आमच्या देशाला असल्या प्रचाराची गरज नाही, आणि तुम्हांला भीती वाटत असेल तर दुसरे निमित्त शोधा. फिशर खेळावयास बसला.

आता तो देखावा डोळ्यांपुढे आणा. न्यूयॉर्कच्या खोलीत फिशर एकटा, समोर रिकामी खुर्ची. तो खेळी करतो, ती लिहून टेलेक्सकडे नेली जाते, समुद्रापलीकडे हवानाच्या यंत्रावर अक्षरे उमटतात, आणि तेथे प्रतिस्पर्ध्यासमोर बसलेला माणूस फिशरच्या वतीने पटावर ती खेळी करतो. प्रतिस्पर्ध्याची खेळी याच वाटेने उलट यावयाची. इतरांचा डाव चार-पाच तासांत संपे, तेथे फिशरला सात-आठ तास बसावे लागे. आणि असे एकवीस डाव. हवानाच्या पटावर त्याच्या सोंगट्या हलविण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याचे नाव होते होसे राउल कॅपाब्लांका. जगज्जेत्याचा मुलगा. बापाचे नाव धारण करणारा, स्वतः खेळाडू म्हणून प्रसिद्ध नसलेला हा गृहस्थ, बापाच्या स्मृतीसाठी भरलेल्या स्पर्धेत, परवानगी न मिळालेल्या एका परक्या तरुणाचा हात झाला होता. दोन देशांत तेव्हा राजदूत नव्हते, व्यापार नव्हता. एका तारेवरून घोडे आणि उंट मात्र ये-जा करीत होते.

फिशरने बारा डाव जिंकले, तीन गमावले. एकवीसपैकी पंधरा गुण मिळवून तो गेल्लर व इव्हकोव्ह यांच्यासह दुसऱ्या स्थानी राहिला. साडेपंधरा गुणांसह पहिला आला माजी जगज्जेता स्मिस्लोव्ह. आणि गंमत अशी की, दोघांच्या प्रत्यक्ष डावात फिशरनेच त्याला हरविले होते.

पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, ऑलिंपियाडच हवानाला भरले व त्यासाठी फिशर खरोखरीच तेथे गेला. १९ नोव्हेंबरला, कॅपाब्लांकाच्या जन्मदिनी, क्रांतिचौकात एकाच वेळी ६,८४० पट मांडून मास्टरांनी जनतेशी डाव खेळले. संख्या वाचून प्रथम विस्मय वाटतो, मग थोडा कंटाळा; सरकारी उत्सवांना मोठ्या आकड्यांची आवड असतेच. त्या चौकातील विक्रमापेक्षा पुढची तीस-चाळीस वर्षे वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत दोन ओळींत येणाऱ्या स्पर्धेचे मोल मला अधिक वाटते. ते का, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे.

ग्रँडमास्टर हा किताब एखाद्या राष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळवून लाभत नाही. ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत, परदेशी व किताबधारी खेळाडूंशी पुरेसे डाव खेळून, ठरावीक गुण मिळवावे लागतात; यास ‘नॉर्म’ म्हणतात. युरोपातील मुलगा आगगाडीने शेजारच्या देशात जाऊन असा नॉर्म मिळवू शकतो. बेटावर राहणाऱ्या, परकीय चलन नसलेल्या मुलाने काय करावे? त्याला जगाकडे जाता येत नसेल, तर वर्षातून एकदा जगच त्याच्या दारी आणावे लागते. कॅपाब्लांका स्मृतिस्पर्धेने नेमके हेच केले. मुख्य गटाबरोबर इतर गट भरू लागले. सिएन्फुएगोस, व्हारादेरो अशा गावांतूनही ती फिरली. १९७५ साली सिल्व्हिनो गार्सिया हा क्यूबाचा पहिला ग्रँडमास्टर झाला, दुसऱ्याच वर्षी गिलेर्मो गार्सिया. कॅपाब्लांकाच्या काळी सारा क्यूबा एका माणसाकडे पाही. आता माणसे अनेक झाली. त्याच्या तोडीचा कोणी झाला नाही, पण तो भाग वेगळा.

आपल्याकडे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने हीच वाट चोखाळली. उन्हाळ्याच्या सुटीत बाहेरगावचे खेळाडू सांगलीला यावयाचे, आणि गावच्या मुलांना त्यांच्याशी चार डाव खेळावयास मिळावयाचे. भाऊसाहेब गेल्यानंतर त्यांच्याच नावाने तेथे स्पर्धा होऊ लागल्या. आमच्या व्हरांड्यातही याचीच लहानशी आवृत्ती होती, हे मला आता उमगते. आपल्या गावावरून कोणी मराठी खेळाडू प्रवासात जात असेल तर गुरुजी त्याला स्टेशनवरून घरी आणीत, पिठले-भाकरी खाऊ घालीत आणि आम्हांला एकेक करून त्याच्यासमोर बसवीत. आम्ही हरत असू. हरल्यावर डाव पुन्हा मांडून दाखवावा लागे.

हवानाच्या स्पर्धेचे पुढचे दिवस सारखेच भरभराटीचे होते असे नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचा आधार गेला, खाण्यापिण्याचीही ददात पडली. तरी स्पर्धा टिकून राहिली. एकविसाव्या शतकात युक्रेनच्या इव्हानचुकने ती इतक्या वेळा जिंकली की त्याला तेथील जावई म्हणावयास हरकत नव्हती. क्यूबाच्या लेइनिएर दोमिंगेसनेही ती एकाहून अधिक वेळा जिंकली. कॅपाब्लांकानंतरचा हा त्या देशाचा सर्वांत बलवान खेळाडू. आणि २०१८ च्या अखेरीपासून तो अमेरिकेकडून खेळू लागला. १९६५ साली अमेरिकन खेळाडूला हवानाला येऊ दिले गेले नाही. अर्धशतकानंतर हवानाचा खेळाडू अमेरिकेच्या ध्वजामागे बसला. त्याला नावे ठेवण्याचा मोह निदान आपण तरी आवरावा. पोटासाठी आणि पुढच्या पिढीसाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे या मंडळाच्या सभासदांना कोणी वेगळे सांगावयास नको. कॅपाब्लांकानेही उभा जन्म न्यूयॉर्क, पॅरिस, ब्वेनोस आयरेस येथेच काढला होता.

२०१७ मध्ये व्हारादेरो येथे झालेली बावन्नावी स्पर्धा चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणने जिंकली. वर्तमानपत्रात ती चार ओळींची बातमी मी वाचली तेव्हा सुलतान खान आठवला, हेस्टिंग्ज आठवले, आणि वेष्टण नसलेले ते पुस्तक कपाळाला लावणारे आमचे गुरुजी आठवले. ते असते तर त्या दिवशी व्हरांड्यात चहाबरोबर निदान शिरा तरी झाला असता.

त्या तरुण कार्यकर्त्याला मी यातले बरेचसे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारले, “मग आपली स्पर्धा बंद का पडली?” याचे उत्तर मजजवळ आहे, आणि ते फारसे भूषणावह नाही. स्पर्धा कोणी बंद पाडली नाही. एका वर्षी फक्त पाच नावे आली, म्हणून ती पुढच्या वर्षावर ढकलली. पुढच्या वर्षी ती जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याला कार्यालयातील बढतीची परीक्षा होती. तो कार्यवाह म्हणजे प्रस्तुत लेखकच. दरम्यानच्या काळात गुरुजींच्या पुण्यतिथीला हार घालण्याचे मात्र आम्ही कधी चुकविले नाही; पुढे ती तसबीरही रंगकामाच्या वेळी भिंतीवरून उतरली, ती पुन्हा चढली नाही.

ढाल आता चिंच लावून घासून ठेवली आहे. यंदाच्या गणेशोत्सवात, पंचमीपासून तीन संध्याकाळ, मंडळाच्या सभागृहात स्पर्धा होईल. वयाची अट नाही. शहरातील अमराठी शेजाऱ्यांची मुले आल्यास त्यांनाही घ्यावयाचे असे कार्यकारिणीने ठरविले आहे, कारण समोर नवा खेळाडू असल्याखेरीज आपल्या मुलांचा खेळ वाढणार नाही. पट बारा आहेत. दोन डब्यांत उंट कमी पडतात, कोणाच्या घरी सुटे असल्यास द्यावेत. नावे कार्यालयात त्याच तरुण कार्यकर्त्याकडे नोंदवावीत. ढालीवर आठ पट्ट्या कोऱ्या आहेत.